खेड्यातल्या बालदवाखान्यात सेवा करायची आहे? जाण्यापूर्वी थोडे हिशेब

उन्हाळ्याची तिकिटे काढायची वेळ आली की नेपरव्हिलमध्ये मंडळाच्या कार्यक्रमात, चहाच्या टेबलाजवळ, एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा भारतात जातोच आहोत, तर मुलांना घेऊन एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यात दोन आठवडे सेवा करता येईल का हो?" विचारणाऱ्यांत बेल लॅब्सच्या काळात इथे आलेले आणि आता निवृत्त झालेले काका-मावशी असतात, माझ्यासारखे एच-वनवर आलेले संगणकवाले असतात, आणि हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत मुले असलेले आईवडील तर असतातच. प्रश्न चांगला आहे आणि मनापासून विचारलेला असतो. पण त्याचे उत्तर "हो, हा घ्या पत्ता" इतके सरळ नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य व अर्थ विभागासाठी हा विषय घेतला.

मी डॉक्टर नाही. शिक्षणाने इंजिनियर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. दोन वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका आदिवासी तालुक्यात, लहान मुलांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत तीन आठवडे राहिलो, आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. औषधपाण्याविषयी इथे जे लिहिले आहे ते माहितीसाठी. निर्णय आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

मूल नेमके कोण वाचवते?

सुरुवात या प्रश्नापासून करावी लागते, कारण आपले काम काय असावे ते याच्या उत्तरावर ठरते. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असते ते असे: दूरच्या गावात दवाखाना, बाहेर रांग, आत शहरातून आलेले डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली आपण. प्रत्यक्षात खेड्यातले तान्हे मूल दगावते ते बहुतेक वेळा दवाखान्यापर्यंत न पोहोचताच. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. त्या आठवड्यात आई-बाळ घरात असतात, बाहेर पाऊस असतो, नाल्याला पाणी असते, आणि बाळ आजारी आहे हे कोणाला कळायच्या आत सगळे संपलेले असते.

हे गणित महाराष्ट्रात सर्वांत नेटाने मांडले आणि सोडवून दाखवले ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. नागपूरला वैद्यकीय शिक्षण, मग अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परत गेले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. (त्यांच्याही आधी, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दुसरे दांपत्य त्याच विद्यापीठातून परत जाऊन १९७० मध्ये जामखेडला कामाला लागले होते. अमेरिकेत शिकून परत गेलेल्यांची ही परंपरा इथे बसून वाचताना जरा बोचते, हेही खरे.) गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. १९८८ मध्ये तिथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेत २०२२ साली हा आकडा हजारी ५.६ होता.

यातला पहिला मोठा मारेकरी होता न्यूमोनिया. इथे आमच्या इंजिनियर मंडळींनी लक्ष द्यावे असा एक भाग येतो. न्यूमोनिया ओळखायला छातीचा एक्स-रे लागतो असे आपल्याला वाटते. पण खोकणाऱ्या मुलाचा श्वास एका मिनिटात किती वेळा होतो एवढे मोजले तरी बराचसा अंदाज येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आहेत. अडचण अशी की गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येईलच असे नाही आणि तिच्याकडे सेकंदकाट्याचे घड्याळही नाही. मग बंग दांपत्याने एक साधन बनवले. एका फळीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर श्वास जलद आहे, औषध सुरू करा. अगदी तान्ह्या बाळासाठी मण्यांची एक ओळ, मोठ्या मुलांसाठी दुसरी. बॅटरी नाही, पडदा नाही, आणि दहापर्यंत मोजता आले की पुरे. मी आजवर पाहिलेल्या रचनांमध्ये इतकी नेमकी रचना क्वचितच असेल.

या पद्धतीने गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना शिकवून, त्यांच्या हाती साधे प्रतिजैविक देऊन काय झाले? १९८८-८९ मध्ये काम झालेल्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. म्हणजे निम्म्याहूनही कमी. हा अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला.

पण नवजात बाळे तरीही जातच होती. म्हणून १९९५ पासून ३९ गावांत दुसरा प्रयोग झाला. प्रत्येक गावातली, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली एक बाई निवडायची, तिला नीट प्रशिक्षण द्यायचे, आणि बाळंतपणाच्या वेळी व नंतरचा महिनाभर तिने घरी जाऊन बाळाला तपासायचे. झोळीच्या काट्यावर वजन, ताप, श्वास, बाळ दूध ओढते की नाही, अंग गार लागते का, रडणे क्षीण झाले का, हातपाय सैल पडले का. धोक्याची लक्षणे एकत्र दिसली की जंतुदोष धरायचा आणि आईवडिलांच्या संमतीने तिनेच इंजेक्शन द्यायचे. दहावीसुद्धा न झालेल्या बाईने बाळाला इंजेक्शन द्यायचे म्हटल्यावर तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असणार! या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, आणि घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. आपल्याकडे बाळाला घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे लागते ना, तेच, फक्त इथे तपासणारी बाई चालत घरी येते.

सांगायचा मुद्दा हा की मूल वाचवते ती त्याच गावात राहणारी, त्याच बोलीत बोलणारी, रात्री दोन वाजता हाक मारता येईल अशी बाई. आपण दोन आठवड्यांचे पाहुणे. आपल्या मदतीचे मोल आपण किती मुलांना उचलून घेतले यावर ठरत नाही. आपण परत आल्यावर त्या बाईच्या हाती काय राहिले, यावर ठरते.

मग आपण तिथे करायचे काय?

डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य असाल तर तुमच्या कौशल्याला जागा आहे, पण इलिनॉयचा परवाना तिथे चालत नाही. भारतात रुग्ण तपासायचे तर तिथल्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी लागते, आणि ती संस्थेमार्फत काही महिने आधी मागावी लागते. बरेच डॉक्टर त्याऐवजी शिकवण्याचे काम घेतात. नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचा सराव बाहुलीवर घेणे, सोनोग्राफी समजावून देणे, अवघड रुग्णांबद्दल चर्चा करणे. माझ्या मते तेच जास्त टिकते.

आपल्यासारख्या बिगरडॉक्टरांनी रुग्णाला हात लावू नये. अगदी "नुसता ताप बघतो" असेही नको. पण करण्यासारखे काम भरपूर असते आणि ते बहुधा कंटाळवाणे असते. मी गेलो होतो त्या संस्थेत जन्म-मृत्यूची नोंद तीन ठिकाणी होत होती: कार्यकर्तीची वही, तालुक्याच्या कार्यालयातली एक्सेलची फाइल, आणि सरकारला पाठवायचा तक्ता. एकाच गावाचे नाव चार प्रकारे लिहिलेले. आईचे नाव माहेरचे की सासरचे यात घोळ, कारण पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे कोणत्या बाळाची सातव्या दिवसाची भेट राहिली हे बाळ पंधरा दिवसांचे झाल्यावर कळायचे. मी नवे ॲप वगैरे केले नाही. गावांना क्रमांक दिले, तारखा एका साच्यात आणल्या, आणि "आज कोणाकडे जायचे" एवढी एक यादी रोज सकाळी आपोआप निघेल असे केले. ती यादी छापून भिंतीवर लावतात. तिथल्या हिशेबनिसाला त्यातली सूत्रे बदलता येतील एवढे शिकवण्यातच शेवटचा आठवडा गेला.

त्या फाइलमध्ये एक रकाना होता, 'किती दिवस जगले'. बहुतेक ओळींत तो रिकामा, म्हणजे सगळे ठीक. जिथे आकडा होता तिथे तो शून्य, एक, शून्य, तीन असा असायचा. दिवसभर ते आकडे नीट करत बसल्यावर संध्याकाळी जेवण जात नसे. अशा कामाला जाणाऱ्याने ही तयारीही ठेवावी.

संगणकवाल्यांना एक आग्रहाचे सांगणे. तिथे पोहोचल्या पोहोचल्या नवी प्रणाली सुचवू नका. आपण गेल्यावर ती कोण चालवणार, नेटवर्क नसेल तेव्हा काय, फोन फुटला तर काय, ही उत्तरे आधी हवीत. वाळूचे घड्याळ डोळ्यांसमोर ठेवा. हिशेबतपासणी, अनुदानाचे इंग्रजी अर्ज, सौर पंपाची दुरुस्ती, प्रशिक्षणाच्या चित्रफितींचे संकलन, ही कामे कोणीतरी करून हवीच असतात. आणि त्यांतली निम्मी नेपरव्हिलमध्ये बसून, दर शनिवारी दोन तास देऊन होतात. वर्षभर दिलेले दोन तास दोन आठवड्यांच्या मुक्कामापेक्षा संस्थेला अधिक उपयोगी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

हायस्कूलच्या मुलांविषयी

इथे थोडे स्पष्ट लिहितो, वाईट वाटून घेऊ नये. कॉलेजच्या अर्जात शोभून दिसावे म्हणून हजारो डॉलर घेऊन मुलांना परदेशी दवाखान्यात 'सेवेला' नेणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर गावातले मूल, आणि फोटो. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने तर डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत. त्यांचा आशय असा की जे काम तुम्हाला इथे करायची परवानगी नाही ते परदेशातल्या रुग्णांवर करू नका. हे आईवडिलांनाही लागू आहे. एडवर्ड हॉस्पिटलमध्ये आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला कोणी टाके घालू देईल का? मग मेळघाटातल्या मुलावर का?

मुलांना न्यायचेच असेल तर शिकायला न्या. चार दिवस कार्यकर्तीबरोबर (तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊन) चालू द्या, पाणी कुठून येते ते पाहू द्या. मराठी वाचता येत असेल तर 'कोवळी पानगळ' हा महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा २००१ चा अहवाल आधी एकत्र बसून वाचा. तेरा संस्थांनी मिळून गावोगाव मृत्यू मोजून तो तयार केला होता. गावातल्या मुलांचे फोटो काढून ते सगळीकडे पाठवू नयेत, आणि गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत हे बजावून सांगा. नुसते सेवेचे तास भरायचे असतील तर ऑरोरामध्ये 'फीड माय स्टार्व्हिंग चिल्ड्रन'च्या केंद्रात कुपोषित मुलांसाठी अन्नाची पाकिटे भरायला जाता येते, नेपरव्हिलच्या 'लोव्ह्ज अँड फिशेस'मध्ये धान्य लावायला माणसे लागतात. तिथले काम खरे असते, आणि मूल रात्री घरी जेवायला असते.

भाषेचेही पाहा. गडचिरोलीत झाडीबोली, गोंडी, माडिया, मेळघाटात कोरकू. आपली पुण्या-मुंबईची मराठी तिथल्या आजीला कळेलच असे नाही, आणि मुलांची तर विचारूच नका!

पैशाचा हिशेब

चौघांची उन्हाळ्यातली तिकिटे केवढ्याला पडतात हे नेपरव्हिलकरांना सांगायला नको. केवळ सेवेसाठी जात असाल तर तेच पैसे आधी एकदा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाच्या तराजूत टाकून पाहावेत. भारतात जातोच आहोत आणि चार दिवस पाहायला-शिकायला जायचे असेल, तर गोष्ट वेगळी.

देणगी द्यायची ठरली की पहिला प्रश्न: तुमचा पासपोर्ट कोणता? (दोन्ही निळेच, बाहेरून चटकन कळत नाही.) भारताचा परकीय देणगी नियमन कायदा २०१० चा, आणि तो २०२० मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार अमेरिकन नागरिकाने दिलेली देणगी परकीय धरली जाते, मग ओसीआय कार्ड असले तरीही. ती घेण्यासाठी संस्थेकडे गृहमंत्रालयाची नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खास खात्यातच जायला हवेत. नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा ती चालू आहे ना हे दर वेळी विचारावे. याउलट भारतीय पासपोर्ट असलेल्याने, एच-वनवर असो की ग्रीन कार्ड झालेले असो, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. ती संस्थेच्या साध्या खात्यात जाऊ शकते. संस्था पासपोर्टची प्रत मागते, ती द्यावी.

आता आपल्याकडची नेहमीची परिस्थिती पाहा. नवरा अमेरिकन नागरिक, बायको अजून भारतीय पासपोर्टवर, आणि बँकेचे खाते दोघांचे मिळून. अशा खात्यातून पैसे गेले तर देणगी नक्की कोणाची, हा प्रश्न संस्थेच्या हिशेबनिसाच्या डोक्याला ताप होतो. बायकोने स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून पाठवावे, हे सोपे. आणखी एक सवय मोडायला हवी: "पुण्याच्या ट्रस्टला पाठवू, ते पुढे गडचिरोलीला देतील." २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मामेभावाच्या खात्यात पाठवून त्याच्यामार्फत देण्याची युक्तीही करू नये. अडचणीत येते ती संस्था, आपण नव्हे.

इकडच्या करसवलतीचे गणित वेगळे. भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेल्या देणगीवर अमेरिकन कर भरताना वजावट मिळत नाही. ती हवी असेल तर अमेरिकेत पाचशे एक-सी-थ्री म्हणून नोंदलेल्या संस्थेमार्फत द्यावे लागते. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या मराठी माणसांनीच उभ्या केलेल्या संस्था हे काम करतात. कोणत्या प्रकल्पासाठी पैसे द्यायचे आहेत ते आधी विचारून-सांगून घ्यावे. आजवर आपल्यातले बहुतेक जण ठोक वजावट घेत असल्याने देणगीचा कराशी संबंधच येत नव्हता. २०२६ च्या करवर्षापासून मात्र ठोक वजावट घेणाऱ्यांनाही अशा संस्थांना दिलेल्या रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला एकत्रित २,००० डॉलरपर्यंत जादा वजावट मिळते. पावती जपून ठेवा. तपशीलवार वजावट घेणाऱ्यांना त्याच वर्षापासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या देणगीवर काही मिळत नाही, त्याहून अधिकवरच मिळते. तुमची कंपनी देणगीइतकीच भर घालते का, हे मनुष्यबळ विभागाला जरूर विचारा. सॉफ्टवेअर कंपन्यांत ही सोय पुष्कळदा असते आणि अर्ज न केल्यामुळे वाया जाते.

आणि विमानाच्या तिकिटाची वजावट? आपण दिलेल्या वेळेची किंमत कधीच वजा करता येत नाही. खर्च वजा होतो तो अमेरिकन नोंदणीकृत संस्थेच्या कामासाठी गेलात तर, आणि तोही प्रवासात सुट्टीचा, मौजेचा भाग लक्षणीय नसेल तर. आठवडाभर गडचिरोली आणि तीन आठवडे आजोळ, असा प्रवास यात बसत नाही.

भारतात घरभाडे वगैरेंचे उत्पन्न असेल आणि तिथे जुन्या पद्धतीने विवरणपत्र भरत असाल तर ८०-जी ची सवलत पाहा. नव्या पद्धतीत ती नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोखीला जुन्यातही नाही.

एक शेवटचे मत. एकदाच मोठा चेक देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम बरी. कार्यकर्तीचे मानधन दर महिन्याला द्यावे लागते. इमारतीला देणारे पुष्कळ मिळतात, कारण भिंतीवर नाव येते.

कागदपत्रे आणि सामान

अमेरिकन पासपोर्टवरच्या मुलांना ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवा करता येते. ओसीआय कार्डवाल्यांना सेवेला अडचण नाही, पण 'संशोधन' करायचे तर २०२१ च्या नियमाप्रमाणे आधी खास परवानगी लागते. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी गावात प्रश्नावली भरून घेतली तर ते संशोधन होऊ शकते, हे ध्यानात असू द्या. शंका असेल तर शिकागोच्या वाणिज्य दूतावासात विचारून घ्यावे.

बॅगेत काय नेऊ नये, याची यादी जास्त महत्त्वाची. उरलेली औषधे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे दान केलेल्या औषधाची पोहोचतेवेळी किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, आणि बाटलीवरचे नाव तिथल्या माणसाला कळायला हवे. कॉस्टकोतून बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या तर मुळीच नेऊ नयेत. भारतात १९९२ च्या कायद्याने त्या कोणालाही भेट देण्यास मनाई आहे, अनाथाश्रमाचा अपवाद सोडून. कायद्याचे कारण रास्त आहे. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आईच्या दुधाची जागा घेते आणि बाळ जुलाबाने जाते. त्यापेक्षा काय हवे आहे ते संस्थेला विचारा आणि नागपूरलाच विकत घ्या. आणि हो, गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा विमानतळावरची बाटली यजमानांसाठी भेट म्हणून नेऊ नये!

आता स्वतःची तब्येत. "आपण तिथलेच, आपल्याला काय होतंय" हा समज सर्वांत धोक्याचा. लहानपणीची मलेरियाविरुद्धची थोडीफार प्रतिकारशक्ती इकडे राहून निघून जाते, आणि इथे जन्मलेल्या मुलांना ती नसतेच. गडचिरोली हा महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वाधिक उपद्रव असलेला जिल्हा आहे, आणि तिथे मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपॅरम मलेरियाही आहे. आपल्या लहानपणची क्लोरोक्विनची गोळी त्यावर भरवशाची नाही. कोणती गोळी, किती दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची, हे निघण्याच्या महिना-दीड महिना आधी प्रवासी-लसीकरण करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. टायफॉइडचे इंजेक्शन निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावे, ते सुमारे दोन वर्षे पुरते. हिपॅटायटिस-ए ची लस राहिली असेल तर तीही. सहा ते अकरा महिन्यांचे बाळ बरोबर असेल तर परदेश प्रवासापूर्वी गोवरची लस लवकर देतात. या प्रवासी लसींचे पैसे विमा कंपनी देतेच असे नाही, आधी फोन करून पाहा. नवजात बाळांच्या आसपास जाणार असाल तर फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस आपल्यापेक्षाही त्या बाळांसाठी घ्यायची. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकू नये.

परत आल्यावर वर्षभरात केव्हाही थंडी वाजून ताप आला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा, आणि "मी भारतात मलेरियाच्या भागात राहून आलो आहे" हे वाक्य स्वतःहून, पहिल्यांदा सांगा. नेपरव्हिलच्या दवाखान्यात ते आपण सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. रक्ततपासणी त्याच दिवशी करून मागा, सोमवारपर्यंत थांबू नका.